सांधा बदलला तर? सुपरहिरो कॉमिक्समधल्या ‘जर-तर’ कथांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुपरहिरो कॉमिक्स वाचणाऱ्यांकडून, आणि त्याहून जास्त न वाचणाऱ्यांकडून, हे प्रश्न सतत येतात. बरेचदा प्रश्न एकच असतो, शब्द वेगळे असतात, म्हणून एकत्र करून टाकले. एक उत्तर दुसऱ्यात घुसायला लागलं तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कथांचे शेवट सर्रास सांगितले आहेत. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टींचं रहस्य राखत बसलं तर बोलायला काही उरणार नाही.

१. ‘जर-तर’ कथा म्हणजे नक्की काय?

चालू मालिकेतला एक ठरून गेलेला प्रसंग उचलायचा, त्याचा निकाल बदलायचा आणि पुढे काय काय हलतं ते बघायचं. रेल्वेचा सांधा बदलावा तसं. गाडी तीच, डबे तेच, प्रवासीही तेच, पण पुढची स्टेशनं वेगळी.

उदाहरण घेऊ. १९६३ साली स्पायडर-मॅनच्या स्वतःच्या मासिकाचा पहिला अंक आला. त्यात पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडर-मॅन, ‘फँटास्टिक फोर’ या चौघांच्या पथकाकडे नोकरी मागायला जातो. घरात पैशांची चणचण, त्याला वाढवणारी मे काकू एकटी, म्हणून पगार हवा. ते सांगतात, इथे पगार नसतो. हा निघून जातो. चार-पाच चित्रांत प्रसंग संपतो. १९७७ साली स्पायडर-मॅनच्या प्रकाशकांनी, मार्व्हलने, ‘व्हॉट इफ’ नावाची मालिका काढली, तिच्या पहिल्याच अंकात रॉय थॉमस यांनी हा प्रसंग घेतला: पीटर राहिला असता तर? पथक पाच जणांचं बनतं. हळूहळू पथकातल्या सू स्टॉर्मला वाटायला लागतं की आपली इथे गरजच उरली नाही, आणि ती समुद्राचा राजा नेमॉरबरोबर निघून जाते. मूळ कथेत पुढे झालेलं पथकप्रमुख रीड आणि सूचं लग्न इथे होतच नाही. एका पोराला नोकरी मिळाली आणि एक संसार उभाच राहिला नाही.

२. हा प्रकार मार्व्हलने सुरू केला ना?

नाही. मार्व्हलने त्याला नाव आणि शिस्त दिली, पण प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्था डीसी (सुपरमॅन, बॅटमॅन तिचे) त्याआधीपासून हेच करत होती. सुपरमॅनच्या मासिकांचे संपादक मॉर्ट वाइझिंगर यांची अडचण साधी होती. सुपरमॅनचं लग्न लावता येत नाही, त्याला मारता येत नाही, म्हातारा करता येत नाही, कारण पुढच्या महिन्यात तो जसाच्या तसा हवा. पण मुखपृष्ठावर लग्न, मरण, मुलंबाळं दिसली की पोरं अंक उचलतात. तोडगा निघाला ‘इमॅजिनरी स्टोरी’ नावाचा: ही काल्पनिक कथा आहे, एवढं छापून टाकायचं आणि मग वाट्टेल ते करायचं. १९६० साली सुपरमॅनची प्रेयसी लोइस लेन हिच्या मासिकात तिचा आणि क्लार्कचा (म्हणजे सुपरमॅनचाच) संसार आला, १९६१ साली सुपरमॅन मेला, १९६३ साली तो दोन झाला (त्याबद्दल प्र. ५).

मार्व्हलची ‘व्हॉट इफ’ १९७७ ते १९८४ अशी ४७ अंक चालली, आणि दुसऱ्या खेपेला १९८९ ते १९९८ अशी ११४ अंक. तिचा निवेदक उआटू, म्हणजे ‘वॉचर’. चंद्रावर बसून सगळं पाहणारा, पण कशात हात घालायचा नाही अशी शपथ घेतलेला. निवेदक म्हणून याहून चपखल कोण मिळणार? वाचकाचीही अवस्था तीच असते.

३. आत्याबाईला मिशा असत्या तर... असल्या गोष्टींना काय अर्थ आहे? मुळात सगळं खोटं, त्यात आणखी खोटं!

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि म्हणीसकट येतो.

सुपरहिरोंची मुख्य मालिका कधी संपत नाही. ती संपू शकत नाही, कारण ती दर महिन्याला विकायची असते. त्यामुळे तिथे काहीही झालं तरी मनात शंका असते की हे किती दिवस टिकणार. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक आला. काळ्या पिशवीत बंद करून विकला, लाखोंनी खपला, वर्तमानपत्रांत बातम्या झाल्या. पुढच्या वर्षी सुपरमॅन परत आला, तेव्हा केस तेवढे वाढलेले होते.

आता १९६१ ची ‘काल्पनिक’ कथा बघा. जेरी सीगल यांची, म्हणजे सुपरमॅनच्या दोन जन्मदात्यांपैकी एकाची. सुपरमॅनचा कट्टर वैरी लेक्स लूथर सुधारल्याचं सोंग आणतो. सोंगही असं की तो कर्करोगावर खरंच औषध काढतो, तुरुंगातून सुटतो, सुपरमॅनशी मैत्री करतो आणि मग त्याला क्रिप्टोनाइटने, त्याच्या जन्मग्रहाच्या, क्रिप्टनच्या, त्याला घातक दगडाने मारतो. काचेच्या शवपेटीतला सुपरमॅन, समोरून रांगेने जाणारी माणसं. लूथरवर खटला चालतो तो कँडॉरमध्ये, म्हणजे बाटलीत आक्रसून राहिलेल्या क्रिप्टनच्या शहरात. तो शेवटचा डाव टाकतो: मला सोडा, तुमचं शहर पुन्हा मोठं करून देतो. न्यायालय नाही म्हणतं. कथा संपते आणि सुपरमॅन मेलेलाच राहतो.

म्हणजे ‘खरं’ मरण वर्षभरात पुसलं गेलं आणि ‘खोटं’ मरण आजही पक्कं आहे. माझ्या मते या कथांची सगळी ओढ इथे आहे. मुख्य मालिकेत ज्या गोष्टीला शेवट मिळत नाही तिला तो इथे मिळतो. १९८६ मध्ये ॲलन मूर यांनी जुन्या सुपरमॅनची शेवटची कथा लिहिली, तिच्या सुरुवातीलाच ते म्हणतात की ही काल्पनिक कथा आहे, आणि लगेच विचारतात की सगळ्याच तशा नसतात का. आत्याबाईंना एवढंच उत्तर पुरावं.

४. जिथे तिथे ग्वेन स्टेसीचंच नाव का निघतं?

कारण या सगळ्या खेळातला सगळ्यात दुखरा सांधा तो आहे.

जून १९७३ चा अंक, स्पायडर-मॅनचा १२१ वा. लेखक गेरी कॉनवे, चित्रं गिल केन यांची. ग्रीन गॉब्लिन पीटरच्या प्रेयसीला, ग्वेनला, पुलावरून खाली ढकलतो. (मजकूर म्हणतो जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज, चित्रातला पूल दिसतो ब्रुकलिन ब्रिजसारखा. यावर आजही लोक भांडतात.) स्पायडर-मॅन वरून जाळं सोडतो, ते तिच्या पायांना चिकटतं, ती थांबते. तो स्वतःवर खूश होऊन तिला वर ओढून घेतो. ती मेलेली असते.

आता ते चित्र पुन्हा उघडा. ती ज्या क्षणी थांबते तिथे मानेशेजारी बारीक अक्षरांत एक आवाज लिहिला आहे: ‘स्नॅप’. धडाम, फटाक असल्या हातभर अक्षरांची सवय झालेल्या डोळ्यांना तो पहिल्या वाचनात दिसतही नाही. मला तरी दिसला नव्हता, फोर्टच्या फुटपाथवर घेतलेल्या, मुखपृष्ठ गेलेल्या पुनर्मुद्रणात मित्राने बोट ठेवून दाखवला. पुढे मासिकाच्या पत्रव्यवहाराच्या पानावर संपादकांनी सांगितलं की पडता पडता एकदम थांबल्याच्या हिसक्याने ती गेली. म्हणजे वाचवणारा हातच कारण ठरला.

१९८० च्या शेवटी ‘व्हॉट इफ’च्या २४ व्या अंकात विचारलं गेलं: ती वाचली असती तर? लेखक टोनी इझाबेला, आणि चित्रं पुन्हा गिल केन यांचीच. ज्या हाताने तिला मारलं त्याच हाताने वाचवलं. इथे पीटर जाळं सोडत नाही, स्वतः उडी घेतो, तिला कवेत घेऊन पाण्यात पडतो आणि तोंडाने श्वास देऊन तिला परत आणतो. बदल एवढाच. तो तिला आपण कोण आहोत ते सांगतो, लग्नाची मागणी घालतो. लग्न लागतं. आणि त्याच दिवशी, गॉब्लिनने आधीच टपालात टाकून ठेवलेले पुरावे हाती लागलेला जेमसन, स्पायडर-मॅनवर खार खाऊन असलेला वर्तमानपत्रवाला, पोलिसांना घेऊन दारात येतो. नवरा पळून जातो, नवरी तिथेच उभी राहते.

या अंकावर चिडलेले वाचक मला भेटले आहेत. “एवढं वाचवलंत तर सुखाने नांदू द्यायचं की!” त्यांचं दुःख समजतं. पण ती जिवंत आहे, फरार नवऱ्याची बायको म्हणून का होईना, जिवंत आहे. हा सौदा तुम्ही कराल का, एवढंच तो अंक विचारतो.

५. मग यांचा शेवट नेहमी वाईटच का होतो?

नेहमी नाही, पण बहुतेकदा. त्यामागे थोडा धंदा आहे आणि थोडा आळस.

धंदा असा: मूळ मालिका चालू असते. ‘दुसरा निकाल बरा होता’ असं ठरलं तर मूळ लेखकाची पंचाईत होते. म्हणून बऱ्याच ‘व्हॉट इफ’ कथा शेवटी वाचकाच्या कानात सांगतात की झालं तेच बरं झालं. आळस असा: तीस-चाळीस पानांत नवं जग उभं करून ते बंदही करायचं असतं, आणि सगळ्यांना मारून टाकणं हा बंद करण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग. दुसऱ्या मालिकेतले काही अंक तर नुसते प्रेतांचे ढीग आहेत. ते वाचले नाहीत तरी चालतील.

पण फिनिक्सचं प्रकरण बघा. १९८० साली एक्स-मेनच्या १३७ व्या अंकात जीन ग्रे, म्हणजे फिनिक्सची शक्ती मिळालेली नायिका, चंद्रावर आत्मबलिदान करते. लेखक क्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांनी आधी वेगळाच शेवट तयार केला होता: तिची शक्ती काढून घेतली जाते, ती जगते. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले. जिने तारा गिळताना अख्खं वस्तीचं जग मारलं तिला एवढ्यावर सोडायचं? शेवट बदलला गेला. १९८१ मध्ये ‘व्हॉट इफ’ने ती जगली असती तर हा प्रश्न घेतला आणि उत्तर दिलं की शक्ती परत येते आणि सगळं संपतं. १९८४ मध्ये मार्व्हलने तो न छापलेला मूळ शेवटही स्वतंत्र अंकात छापला. इथे ‘पर्याय’ हाच आधी लिहिलेला होता आणि ‘खरं’ नंतर आलं. (जीन १९८६ मध्ये परतली. प्र. ३ मधलं रडगाणं इथेही लागू.)

गोड शेवट हवाच असेल तर १९६३ चा सुपरमॅनचा १६२ वा अंक. सुपरमॅन दुभंगून लाल आणि निळा असे दोन होतात, दोघांची बुद्धी शंभरपट होते, कँडॉर मोठं होतं, दुष्टपणा घालवणारा किरण निघतो, गुन्हेगार सुधारतात, आणि लोइस की बालपणीची मैत्रीण लाना हा वर्षानुवर्षांचा घोळ एकदाचा मिटतो: लालचं लग्न लोइसशी, निळ्याचं लानाशी. सत्यनारायणाच्या पोथीतही एवढं कल्याण एकदम होत नाही.

६. व्हॉट इफ, एल्सवर्ल्ड्स, मल्टिव्हर्स, रीबूट, रेटकॉन... डोकं गरगरतं. फरक काय?

‘व्हॉट इफ’मध्ये एक क्षण बदलतो.

‘एल्सवर्ल्ड्स’मध्ये अख्खी जमीनच बदलते. डीसीच्या या छापाखालची पहिली मानली जाते ती १९८९ ची कथा, ज्यात बॅटमॅन एकोणिसाव्या शतकातल्या गॅसच्या दिव्यांच्या शहरात जॅक द रिपरच्या मागावर आहे. शिक्का प्रत्यक्ष उमटला तो १९९१ च्या पुस्तकापासून. पण रेषा नेहमी स्पष्ट नसते. २००३ च्या ‘रेड सन’मध्ये सुपरमॅनचं यान कॅन्ससऐवजी युक्रेनमधल्या सामूहिक शेतावर उतरतं आणि तो सोव्हिएत संघाचा महापुरुष होतो. शिक्का एल्सवर्ल्ड्सचा, आत्मा अस्सल ‘जर-तर’चा. काही तास इकडेतिकडे, बाकी सगळं त्यातून आलेलं.

‘मल्टिव्हर्स’ म्हणजे ही सगळी जगं एकाच वेळी कुठेतरी अस्तित्वात आहेत असं मानणं. डीसीत याची मुहूर्तमेढ १९६१ च्या फ्लॅशच्या १२३ व्या अंकाने रोवली: नवा फ्लॅश जुन्या फ्लॅशला भेटतो, आणि कळतं की तो दुसऱ्या पृथ्वीवर राहतो.

‘रीबूट’ म्हणजे पाटी पुसून नव्याने लिहिणं. ‘रेटकॉन’ म्हणजे पाटी न पुसता, ‘तुम्ही वाचलंत ते अर्धवट होतं’ असं मागाहून सांगणं. या दोन्हींत जुना निकाल रद्द होतो. ‘जर-तर’मध्ये तो होत नाही, शेजारी तसाच उभा असतो, आणि म्हणूनच टोचतो.

७. यांतली एखादी कथा पुढे ‘खरी’ झाली आहे का?

हो, आणि एकाहून जास्त वेळा. १९७८ च्या ‘व्हॉट इफ’च्या दहाव्या अंकात थॉरचा हातोडा डॉक्टर ब्लेकऐवजी (मूळ कथेत तोच थॉर होतो) त्याची प्रेयसी जेन फॉस्टर हिच्या हाती लागतो. शेवटी तो थॉरकडे परत जातोच, त्या काळचा रिवाज. छत्तीस वर्षांनी, २०१४ मध्ये, मुख्य मालिकेतच एक अनोळखी स्त्री हातोडा उचलते, आणि पुढे कळतं की ती जेन आहे. तिला कर्करोग आहे, आणि दर वेळी थॉर झाली की औषधोपचाराचा परिणाम धुऊन निघतो. जुन्या कथेत गंमत होती, नव्या कथेत किंमत आहे.

चौथ्या अंकाची गोष्ट आणखी मजेशीर. दुसरं महायुद्ध संपल्यावर कॅप्टन अमेरिकाचं ‘इन्व्हेडर्स’ पथक एकत्र राहिलं असतं तर, अशी कथा. तिच्यात कॅप्टन अमेरिका बर्फात गाडला गेल्यावर त्याचा पोशाख कुणी घातला याचा हिशेब लागत होता, म्हणून ती सरळ मूळ इतिहासातच जमा करून टाकली. जर-तर म्हणून आली आणि घरातलीच झाली.

तिसरी स्पायडर-गर्ल. पीटर आणि मेरी जेनची मुलगी मूळ मालिकेत १९९६ मध्ये जन्मतानाच हिरावली जाते. १९९८ मध्ये ‘व्हॉट इफ’च्या १०५ व्या अंकात ती वाढून पंधरा-सोळा वर्षांची झालेली दिसली. एका अंकापुरतीच होती, पण वाचकांनी सोडलं नाही. तिची स्वतःची मालिका १०० अंक चालली, मध्ये बंद करायच्या घोषणा होऊनही. ती मुख्य जगात ‘खरी’ नाही झाली, पण तिच्या पायाखाली स्वतःची जमीन आली.

८. काळात मागे जाऊन इतिहास बदलला आणि शेवटी पुन्हा जागेवर आणला, तर ती जर-तर कथा धरायची का?

मी धरतो. कट्टर मंडळी नाही धरत, कारण अशा कथा मुख्य मालिकेतच घडतात. १९९५ मध्ये एक्स-मेनचा संस्थापक झेवियर याचा मुलगा त्यांचा वैरी मॅग्नेटो याला मारायला भूतकाळात जातो आणि चुकून बापालाच मारतो. एक्स-मेनची सगळी मासिकं चार महिने बंद झाली आणि त्याजागी त्या बिघडलेल्या जगातली, वेगळ्या नावांची मासिकं आली. वाचकाला खरंच वाटावं की जुनं जग गेलं.

२०११ च्या ‘फ्लॅशपॉइंट’मध्ये फ्लॅश आईला वाचवायला मागे जातो. आई वाचते आणि जग मोडतं. आपल्या जगात गल्लीत आईबाप मारले गेले म्हणून ब्रूस बॅटमॅन होतो. त्या जगात गोळी ब्रूसलाच लागलेली असते. बॅटमॅन होतो त्याचा बाप, आणि त्याची आई जोकर होते. शेवटी सगळं सावरताना तो बाप फ्लॅशच्या हाती मुलासाठी चिठ्ठी देतो, आणि आपल्या जगातला ब्रूस ती वाचून रडतो. एरवी दोन रूळांमधून काही इकडचं तिकडे जात नाही. इथे एक कागद गेला. (कागदाचीच आणखी एक गोष्ट प्र. १२ मध्ये.) फ्लॅशपॉइंटनंतर डीसीचं जग मात्र पूर्वीसारखं झालंच नाही, तो थेट रीबूट ठरला. प्र. ६ पाहा.

९. वाचकांनी मतदान करून एका रॉबिनला मारलं हे खरं आहे?

खरं आहे. १९८८. रॉबिन म्हणजे बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार. दुसरा रॉबिन, जेसन टॉड, वाचकांना फारसा रुचत नव्हता. बॅटमॅनच्या ४२७ व्या अंकाच्या शेवटी तो स्फोटात सापडतो, आणि दोन फोन नंबर छापलेले: एक तो जगावा म्हणून, एक मरावा म्हणून. प्रत्येक फोनला ५० सेंट. मरणाच्या बाजूने ५,३४३ आणि जगण्याच्या बाजूने ५,२७१. फक्त ७२ चा फरक. आपल्याकडे ग्रामपंचायतीत एवढ्या फरकाने फेरमोजणी मागतात.

या विषयात हे प्रकरण वेगळं आहे ते असं की इथे दुसरा निकाल कुणी नंतर कल्पिलेला नाही, तो आधीच काढून ठेवला होता. जिम अपारो यांनी दोन्ही शेवटांची चित्रं केली होती. मतं मोजली, एक पान छापायला गेलं, दुसरं कपाटात. २०२३ मध्ये डीसीने तो ४२८ वा अंक जेसन वाचतो त्या पानासह छापला, आणि पुढे त्यावरून छोटी मालिकाही काढली. मुख्य मालिकेत जेसन २००५ मध्येच परतला होता. कसा? एका दुसऱ्याच जगातल्या सुपरबॉयने वास्तवाच्या भिंतीवर बुक्के मारले म्हणून. हे मी बनवून सांगत नाही.

१०. आता जिथे तिथे मल्टिव्हर्स आहे. कुणी मेलं तरी दुसऱ्या जगातला आणता येतो. मग मजा राहिली का?

बरीच कमी झाली, हे कबूल. जुन्या ‘व्हॉट इफ’ची ताकद अशी की दार एकदाच उघडायचं, आत डोकवायचं, आणि ते बंद व्हायचं. दार कायमचं उघडं राहिलं की ती वस्तुसंग्रहालयाची सहल होते: हा बघा झोंबी, हा बघा डुक्कर, पुढे चला.

तरी त्यातही चांगलं निघतं. २०१४ मध्ये ग्वेनलाच कोळी चावला असता तर, अशी एक छोटी कथा आली. तिच्या जगात मेलेला आहे तो पीटर. ४१ वर्षं जी फक्त पडत होती तिला उभं राहायला जागा मिळाली. असं काही सापडलं की मी मल्टिव्हर्सला माफ करतो.

११. पवित्र प्रभाकर ही जर-तर कथा आहे का?

पवित्र प्रभाकर म्हणजे भारतीय स्पायडर-मॅन. २००४ च्या मूळ कॉमिकपुरतं बोलायचं तर नाही. खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला, धोतर नेसतो म्हणून मुलं हसतात, भीमकाका आणि मायाकाकू, योग्याकडून मिळालेली शक्ती. तिथे एक क्षण बदललेला नाही, सगळी गोष्टच इथल्या मातीत रुजवली आहे. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांची ही चार अंकांची मालिका प्र. ६ मधल्या एल्सवर्ल्ड्सच्या जवळची.

२०२३ च्या ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात मात्र तोच पवित्र थेट आपल्या विषयात येतो. हा चित्रपट मराठीतही डब झाला होता. मुंबई आणि मॅनहॅटन यांचं कडबोळं असलेल्या शहरात त्याच्या मैत्रिणीचे वडील, इन्स्पेक्टर सिंग, मरायचे ‘ठरलेले’ असतात. दुसऱ्या जगातून आलेला स्पायडर-मॅन माइल्स त्यांना वाचवतो, आणि लगेच जगाला भोक पडायला लागतं. ठरलेलं मरण टाळलं तर किंमत कोण मोजणार? १९८० मध्ये ग्वेनच्या अंकाने विचारलेलाच प्रश्न आहे. फरक एवढाच की माइल्स म्हणतो, मला हा नियमच मान्य नाही.

१२. मराठीत असं काही आहे का?

सुपरहिरोंचं नाही. इंद्रजालच्या मराठी अंकांतून वेताळ घरोघरी पोचला, पण ‘वेताळाने कवटीची शपथ घेतली नसती तर’ असं कुणी छापलं नाही.

जर-तर मात्र आपल्याकडे अव्वल दर्जाची आहे: जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. तिचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातही आहे. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी कानाला चाटून गेली असती तर? तिळाएवढा फरक, आणि संक्रांत आपल्यावर कोसळत नाही. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघाताने त्या दुसऱ्या भारतात जाऊन पडतात, जिथे मराठे जिंकले आहेत आणि इंग्रज मुंबईपुरते उरले आहेत.

ही कथा कॉमिक्सवाल्यांनी वाचायला हवी ती तिच्या आझाद मैदानातल्या प्रसंगासाठी. पानिपतावर व्याख्यान चालू आहे, व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी. आयुष्यभर अध्यक्षपदं भूषवलेल्या पंतांना ते बघवत नाही, ते जाऊन बसतात आणि बोलायला लागतात. त्या भारतात अध्यक्षीय भाषणांना कंटाळून लोकांनी ती प्रथाच बंद केलेली! पंतांवर टोमॅटो आणि अंडी. एवढं मोठं साम्राज्य वाचलं, आणि आपल्याला ते जाणवतं कशातून, तर एका रिकाम्या खुर्चीतून. परत आल्यावर त्यांच्या खिशात त्या जगातल्या बखरीचं फाटलेलं पान निघतं. प्र. ८ मधली चिठ्ठी आठवली ना? हे पान तिच्या कितीतरी आधीचं.

१३. मूळ कथा न वाचता समजेल का? आणि मुलांना द्यायला हरकत नाही ना?

जुने ‘व्हॉट इफ’ अंक पहिल्या एक-दोन पानांत मूळ प्रसंग सांगून टाकतात, त्यामुळे अडत नाही. पण चटका बसायला मूळ माहीत असलेलं बरं, निदान ग्वेनचा अंक तरी.

साठ-सत्तरच्या दशकातलं काहीही द्या. ‘मार्व्हल झोंबीज’ नको. नाव वाचूनही काही पालक घेऊन जातात आणि मग मला फोन करतात.

१४. मी ‘व्हॉट इफ’ची ॲनिमेटेड मालिका पाहिली. पुरे का?

२०२१ ते २०२४ अशी ती तीन हंगाम चालली, आणि ती चित्रपटांवर बेतलेली आहे, कॉमिक्सवर नाही. पहिल्या हंगामातला डॉक्टर स्ट्रेंजचा भाग जरूर बघा. हातांऐवजी प्रेयसी गमावलेला माणूस तो एक क्षण पुन्हा पुन्हा बदलायला जातो आणि ती दर वेळी वेगळ्या तऱ्हेने मरते. पुढे पुढे मालिका प्र. १० मधल्या सहलीच्या वाटेला लागते.

१५. मला स्वतःला अशी कथा लिहायची आहे. प्रसंग कसा निवडू?

लहान निवडा. ‘सुपरमॅन दुष्ट असता तर’ हा सांधा नाही, तो दुसराच माणूस झाला. माणसं जशी आहेत तशी ठेवायची, फक्त गोळी तीळभर सरकवायची. मूळ कथेत पीटर एका चोराला पळू देतो आणि तोच पुढे त्याच्या बेन काकांना मारतो. १९८० च्या ‘व्हॉट इफ’च्या एका अंकात पीटर त्या चोराला वेळेवर पकडतो. बेन काका वाचतात. पण धडाच मिळाला नाही, म्हणून पीटर टीव्हीवर नाव कमावत राहतो आणि डोक्यात हवा जाते. स्वभाव तोच, फक्त त्याला ठेच लागली नाही.

माझ्या आठवीतल्या भाच्यानेही वहीत हाच प्रसंग लिहायला घेतला होता, त्याच्या पद्धतीने. चोर पीटरच्या घरी येतो, दार आतून लावलेलं असतं, चोर निघून जातो. काका वाचतात. दोन पानं झाली आणि लेखणी अडली, कारण सगळे जेवायला बसले होते आणि कुणाला काही काम नव्हतं. चार दिवस वही तशीच. मग एका रात्री पानावर वाढता वाढता त्याने मला विचारलं, “मामा, पण मग तो चोर कुठे गेला?”

मी म्हटलं, तूच सांग.

“शेजारच्या घरात,” तो म्हणाला, आणि हात न धुता वही आणायला गेला.